सैल भरलेला तारा

गोरेगावात नव्यानं आलेल्या माणसाला कुणी सांगितलं, की "अमीरबीच्या घरी दारू मिळते," तर तो आधी इकडंतिकडं बघायचा, आवाज खाली आणायचा आणि मग विचारायचा, "कोन्या बाजूनं जायचं?" गावातली टवाळ मंडळी त्याला मुद्दाम मागच्या बोळातून पाठवायची. बिचारा दबकत दबकत दारात उभा राहायचा, आणि आतून काळ्या हातांची, पिवळ्या नखांची एक उंच बाई बाहेर येऊन विचारायची, "नळे पायजेत का भुईचक्र? आन लगीन कोनाचं हाय?"

शोभेची दारू. तीन पिढ्यांचा धंदा. दारावर पाटी नव्हती, पण असती तर तिच्यावर 'मकबूल आतषबाज' असंच लिहिलेलं असतं. मकबूल म्हणजे अमीरबीचा नवरा. माणूस देखणा, मिशा झुपकेदार, बोलणं गुळासारखं. लग्नघरी जाऊन सुपारी घेणं, मांडवासमोर छाती काढून उभं राहणं आणि पहिला चहा पिणं ही तिन्ही कामं तो मन लावून करायचा. शोरा उकळून साफ करणं, कोळसा खलणं, गंधक चाळणं, बिडाचा, म्हणजे ओतीव लोखंडाचा, कीस पाडणं आणि नळ्यांत दारू ठासून भरणं ही उरलेली किरकोळ कामं अमीरबीकडं होती.

तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. तक्रार होती ती एकाच गोष्टीची. पहिल्या बाराची.

त्या घराची रीत अशी, की ज्याच्या हातानं दारू भरली, त्यानंच पहिला बार पेटवायचा. दारू आपल्या भरणाऱ्याचा हात ओळखते, परक्या हातावर रुसते, असं त्यांच्यात मानत. मकबूलची आई जाहेदाबी हिनं आपल्या उमेदीत पदर दातांत धरून भरल्या उरुसात पहिला बार पेटवलेला गावानं बघितला होता. म्हातारी अजून त्याच तोऱ्यात बाजेवर बसायची. तिच्यानंतर दारू भरायला आली अमीरबी. म्हणजे बारही तिच्याकडंच यायला हवा होता. पण मधे एक तारा आला.

फसली तेराशे एकोणीस, म्हणजे इंग्रजी १९१० सालचा उन्हाळा. अमीरबीची वरात कुरुंद्याहून बैलगाड्यांतून मुक्काम करत करत पहाटेच्या वक्ताला गोरेगावच्या शिवेत शिरली, तेव्हा पूर्वेला शेपटीचा तारा उभा होता. एवढी लांब शेपूट, की खालून बघणाऱ्याला वाटावं मकबूलच्याच घराच्या मातीच्या धाब्यावर टेकली आहे. लोक त्याला झाडू तारा म्हणत. सुनेला उतरवून घ्यायला आलेल्या जाहेदाबीनं आधी ताऱ्याकडं बघितलं, मग सुनेकडं.

"या अल्ला! ही तर येतानाच झाडू घेऊन आली."

आठ दिवसांत म्हैस आटली. म्हैस पंधरा वर्षांची होती, पण वय कोण बघतो. पुढं पावसाळ्यात मागची भिंत पडली, तीही ताऱ्यानं पाडली. एका उरुसात बाण सरळ वर जायचा तो आडवा सुटला आणि हलवायाच्या कढईत शिरला, तो ताऱ्यानंच वळवला. मकबूलचे पुढचे दोन दात गेले, ते खरं तर सुपारीनं गेले. पण जमा झाले ताऱ्याच्याच नावावर. आणि अशा सुनेच्या हातानं शुभकामाची वात पेटवायची नाही, असं जाहेदाबीनं ठरवून टाकलं. दारू भरायची अमीरबीनं, पहिला बार मकबूलनं. तेवीस वर्षं हे असंच चाललं. बार उडाला की टाळ्या मकबूलला, विझला की नजरा अमीरबीकडं.

मग १९३३ची दिवाळी आली आणि मकबूलनं हात भाजून घेतला.

दारूनं नव्हे. तीस वर्षं विस्तवाशी खेळून त्याच्या बोटाला फोड आला नव्हता. शेजारच्या रुख्मिणीबाईनं फराळाला बोलावलं, ती पाठमोरी झालेली बघून हा कढईतलं भजं उचलायला गेला. भजं हातात आलं, कढई आडवी झाली, आणि उजव्या हाताची चारही बोटं तेलात. बोटांना चिंध्या गुंडाळून आलेल्या नवऱ्याला बघून अमीरबीनं आधी कोरफड लावली आणि मग विचारलं, "भजं तरी चांगलं व्हतं का?"

"मीठ कमी व्हतं," मकबूल कण्हत म्हणाला.

त्याच आठवड्यात तांड्याचा धनसिंग नाईक दारात आला. त्याच्या लेकीचं, चंदाचं लगीन महिन्यावर आलं होतं. "चाळीस नळे, दहा बाण, आन पहिला बार असा पायजे की चारी तांड्यांनी नाव काढावं," असं सांगून त्यानं मकबूलच्या हाताकडं बघितलं. "पन ह्यो हात तर मुडद्यासारका बांधून ठेवला तुमी. पेटवनार कोन?"

जाहेदाबी बाजेवरून म्हणाली, "हिंगोलीहून माझ्या भाच्याला बोलावते. फारुकला."

"फारुक बांगड्या विकतो, अम्मा," अमीरबी म्हणाली.

"मंग? हात तर हाय ना त्याला."

अमीरबीनं मुसळ खाली ठेवलं. तेवीस वर्षांत ती सासूपुढं एवढं सरळ कधी बोलली नव्हती. "भरनार मी. पेटवीन बी मीच."

म्हातारीनं सुनेला खालपासून वरपर्यंत बघून घेतलं. "त्या झाडू ताऱ्याच्या शेपटीत जहर हाय म्हनून साऱ्या मुलखात बोंब झाली व्हती तवा. आन तू त्याच्या सावलीतून माझ्या घरात आली. त्यात जहर न्हाई असं मला दाखीव, मंग पेटव खुशाल. न्हाई तर फारुक येतो."

आता ताऱ्यात काय भरलंय हे कोण दाखवणार? धनसिंग मिशीत हसला, मकबूल चिंध्यांत कण्हला, आणि अमीरबी पुन्हा कोळसा खलू लागली. पण त्या दिवशी कोळसा जरुरीपेक्षा जास्तच बारीक झाला.

ज्याच्यामुळं पुढचं घडलं तो माणूस म्हणजे नासेर मास्तर. शाळेत हिशेब शिकवायचा, हैद्राबादेत शिकून आलेला, आणि आभाळाचं भारी वेड. त्याची एक अडचण गावाला पाठ होती. त्याला लाल आणि हिरवा एकच दिसायचा. बाजारात सखुबाई माळणीनं एकदा त्याला पिकल्या मिरच्यांच्या भावात हिरव्या दिल्या, तेव्हापासून तो रस्त्यानं चालला की पोरंसोरं नव्हे, चांगली बापई माणसं विचारायची, "मास्तर, मिरच्या पिकल्या का?"

नाईक येऊन गेल्याच्या दुसऱ्या दिवशी मास्तर एक छापील फॉर्म घेऊन मकबूलकडं आला. शहरातल्या त्याच्या उस्तादांनी तो धाडला होता. त्या आठवड्यात पहाटे तारे तुटायचे होते. किती तुटले, कोणत्या वक्ताला, शेपूट किती वेळ टिकली, असे रकाने. शेवटचा रकाना रंगाचा.

"बाकी सगळं मी लिहीन," मास्तर खाकरला. "रंगासाठी... जाणकार माणूस हवा. आगीचे रंग तुमच्याइतके कोण ओळखतो?"

"हौ, हौ! मी येतो की पहाटंला," मकबूल छाती काढून म्हणाला.

पहाटे मास्तर कंदील मालवून अंगणात आला तेव्हा मकबूलच्या घोरण्याचा आवाज बोळापर्यंत येत होता. अंगणात अमीरबी मात्र जागी होती. तिचा कामाचा वक्तच तो. ऊन तापायच्या आत, थंडाव्यात दारू कालवायची आणि जवळपास दिव्याची वातसुद्धा ठेवायची नाही, अशी शिस्त. अंधारात तिची बोटं डबे ओळखायची.

"मकबूलभाई?"

"उठवा बापा तुमी. मला तर तेवीस वर्सांत जमलं न्हाई."

मास्तर ओट्याच्या कडेला बसला. आभाळ लख्ख होतं, चांदण्या पाण्यात धुतल्यासारख्या. तिकांडं, म्हणजे मृगाचे ते ओळीतले तीन तारे, बरोबर वर आलं होतं. तेवढ्यात त्याच्या बाजूनं एक तारा सर्रकन तुटून धाब्याआड गेला.

"गेला!" मास्तर अंधारातच कागदावर पेन्सिल चालवत म्हणाला. "रंग कोणता होता, अमीरबी?"

"मिठाचा."

"मिठाचा? रंग विचारतो मी."

"मंग तेच तर सांगून राहिले. चुलीत मीठ पडल्यावर जो पिवळा भडका निंघतो, तो." तिनं नजर आभाळाकडंच ठेवून मुसळ फिरवलं. दुसरा तुटला. "ह्यो बिडाच्या किसाचा. सोनेरी, जरा जाडा." तिसरा लांबलचक गेला आणि मागं क्षणभर धुरकट रेघ ठेवून गेला. या वेळी तिचा हात थांबला. "ह्यो हिरवा. पन..."

"मोरचुदाचा?" मास्तरनं विचारलं. आतषबाजीत हिरव्यासाठी मोरचूद घालतात हे त्यालाही ऐकून ठाऊक होतं.

"न्हाई. मोरचुदाचा हिरवा निळ्याकडं वढतो. ह्यो निराळाच. ह्यो माल आमच्या डब्यात न्हाई."

मास्तर एकदम सावरून बसला. उस्तादांनी चिठ्ठीत लिहिलं होतं, की लोलकातून या ताऱ्यांचा उजेड फोडून पाहिला तर लोखंड, मिठातला धातू, चुन्यातला धातू आणि मॅग्नेशियम नावाचा एक हलका धातू, यांच्या रेघा सापडतात. आणि हिरव्यात थोडा वाटा हवेचाही असतो, ताऱ्याच्या वेगानं हवाच पेटल्यासारखी उजळते. हे शहरातल्या माणसांनी यंत्रं लावून काढलेलं. आणि इथं ही बाई कोळसा खलता खलता सांगत होती, की लोखंड आहे, मीठ आहे आणि हिरवा आपल्या डब्यातला नाही.

"रंग नका लिहू मास्तरसाब," अमीरबी म्हणाली, "माल लिवा. रंग कशाला, माल कळल्यावर?"

त्यानं माल लिहिला. तासाभरात अठरा तारे तुटले. उजाडता उजाडता अमीरबीनं आणखी एक शेरा मारला. "तुमचे हे तारे सैल भरलेत बगा."

"म्हणजे?"

"घट्ट ठासलेला नळा जोर धरतो, धडाड्यानं फुटतो, खाली निखारा पाडतो. सैल भरला की भुर्रकन जातो, खाली चिमटीभर राख बी येत न्हाई. अठरात एकाचा तरी निखारा खाली आला का? भरनारा आमच्या घरवाल्यावानी असंल."

मास्तर हसला आणि सहज बोलून गेला, "भरणारा तुमच्या ओळखीचाच आहे. हे सगळे त्या शेपटीच्या ताऱ्याचे कण. तेवीस वर्षांमागं आला होता ना, झाडू तारा? त्याचे."

मुसळ खलात तसंच उभं राहिलं.

"काय म्हनले?"

"तोच. तो जाताना वाटेवर भुगा सांडत गेला. दर साली याच दिवसांत आपली जमीन ती वाट ओलांडते आणि तो भुगा आपल्या आभाळात येऊन पेटतो. म्हणून तर उस्तादांना रंग हवेत. तारा हाताला लागत नाही. त्याचा सांडलेला भुगा जळताना पाहायचा आणि तारा कशाचा ते ओळखायचं."

अमीरबी उठली, हात पदराला पुसले, ते आणखी काळे झाले. "मास्तरसाब, हे सारं माझ्या सासूला सांगा. आत्ता सांगा."

जाहेदाबीनं सगळं ऐकून घेतलं आणि तंबाखूची चिमूट दाढेखाली सारली. नाईकही बाणांचं विचारायला आलेला होता, तोही दारात ऐकत उभा राहिला.

"लोखंड हाय, मीठ हाय," म्हातारी म्हणाली. "हिनं बगितलं आन तुमी लिवलं. तुमाला मिरची कळत न्हाई, मास्तर, आन हिला पहिला बार पायजे. म्या कोनावर भरवसा ठेवू?"

मास्तर लाल झाला. तो हिरवा झाला असता तरी त्याला कळलं नसतं. पण धनसिंग नाईक कपाळ खाजवत होता.

"मास्तर, हे सांडत जानं मला कळलं बरं का. आमचा आजा लदेणी करायचा. हजार बैल, पाठीवर मिठाची पोती, समुद्रापासून थेट इकडं. पोतं फाटलं की वाटंनं मीठ गळत जायचं. मागून येनारा मिठाच्या रेघंवरून सांगायचा, इकडून तांडा गेला." त्यानं आभाळाकडं बोट केलं. "म्हंजे तो तारा आमच्याच गोताचा की!"

"मंग तूच घेऊन जा त्याला तांड्यात," म्हातारी करवादली. पण थुंकून झाल्यावर तिनंही एकदा वर बघून घेतलं. मग म्हणाली, "उद्या मला उठवा. माझे डोळे अजून गेले न्हाईत."

अमीरबीला त्या रात्री झोप लागली नाही. सासूचे डोळे चांगले होते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आगीचा रंग वाचायला तिला शिकवलं होतं तेच मुळी जाहेदाबीनं. नवी सून असताना चुलीपुढं बसवून म्हातारी चिमटी चिमटी टाकायची आणि विचारायची, "हे काय?" चुकलं की हातावर चमचा. म्हातारी रंग चुकायची नाही. पण रंग बरोबर ओळखून तोंडानं उलटं बोलली तर? हट्टापायी 'जहर' म्हणाली तर? मग फारुक येणार आणि बांगड्यांच्या हातानं आपला बार पेटवणार.

पहाटे जाहेदाबीची बाज अंगणात आणली. अंगावर गोधडी, डोक्याला मफलर, तोंड जहागीरदारणीसारखं. मास्तर कागद घेऊन एका बाजूला, अमीरबी खलापाशी. मकबूलही आज उठला होता. हात गळ्यात बांधून जांभया देत होता.

पहिला तारा तुटला तेव्हा म्हातारी मफलर सारखा करत होती. दुसरा धाब्याआड गेला. "कुटं काय?" ती म्हणाली. "तुमी दोघं मिळून मला..."

तेवढ्यात वरून, अगदी डोक्यावरून एक तुटला. संथ नाही, झर्रकन. पण चांगला ठसठशीत, लिंबाच्या सालीसारखा पिवळा, आणि अंगण क्षणभर उजळून गेलं. पन्नास वर्षांची सवय म्हातारीच्या जिभेवर आधी आली, हट्ट मागून.

"मीठ!" जाहेदाबी म्हणाली.

मास्तरची पेन्सिल लगेच करकरली.

"काय लिवलं?" म्हातारीनं दरडावून विचारलं.

"वक्त पावणेपाच. ओळखणार जाहेदाबी. माल मीठ."

"खोडा ते."

"सरकारी कागद हाय, अम्मा," मकबूल जांभई देत म्हणाला. फॉर्म सरकारी नव्हता, पण त्या घरात त्यानं उभ्या जन्मात वेळेवर केलेलं एवढं एकच काम.

जाहेदाबी बराच वेळ वर बघत राहिली. आणखी तीन तुटले. एक बिडाचा, दोन मिठाचे. आता ती नाव घेत नव्हती, पण प्रत्येकाला तिचे ओठ हलत होते, आणि अमीरबीला अंधारातही ते दिसत होते.

"दर साली पडतं हे?" शेवटी तिनं मास्तरला विचारलं.

"दर साली."

"आमच्या घरावर?"

"सगळ्यांच्याच घरावर. पण हो, तुमच्याही."

म्हातारीनं गोधडी आवळून घेतली. "म्हंजे तेवीस वर्सं तो वरून आमच्या घरात मीठ टाकून राहिला, आन म्या त्याचं मीठ खाऊन त्यालाच शिव्या देऊन राहिले?" नमकहरामीचा डाग आपल्या नावावर, या वयात! तिला ते भलतंच लागलं. "दिष्ट काढायला आपन मीठच उतरतो. आन मिठाच्याच ताऱ्याची दिष्ट लागते म्हनून बसले मी. एवडी वर्सं कोनी बोललं काहून न्हाई मला?"

"तुमी बोलू दिलं असतं तर ना," अमीरबी म्हणाली.

"तू गप. अन् फारुकला सांगावा धाडला असंल तर दुसरा धाडा. म्हनावं, बांगड्याच वीक."

महिन्याभरानं तांड्यात चंदाचं लगीन लागलं. चारी तांड्यांची माणसं गोल करून बसली होती. जाहेदाबीला पुढं खाट टाकून दिली होती. मकबूल बऱ्या झालेल्या हातानं दुसरा चहा पीत होता. सवयीनं तो बाराकडं निघालाही, तर धनसिंग नाईकानं त्याचा खांदा दाबून खाली बसवला. "तुमी भजी खा, मकबूलभाई."

अमीरबी पुढं गेली. पदर दातांत धरला. काडी ओढली. बार तिनं महिनाभर खपून केला होता. दोन हिश्शे बिडाचा कीस, वर सुकवून बारीक केलेलं मीठ. आणि तो तिनं मुद्दाम हलक्या हातानं भरला होता, फार न ठासता. भरताना तिला स्वतःचंच हसू येत होतं, आणि भीतीही वाटत होती. असा बार उभ्या जन्मात कुणी भरला नव्हता. उडाला नाही तर म्हातारी तारा पुन्हा धाब्यावर आणून बसवणार.

वात पेटली, सरसरत आत गेली. क्षणभर काहीच झालं नाही. अमीरबीच्या तोंडातून पदर सुटला.

मग तो गेला. धडाका नाही, दणका नाही. नुसता भुर्रकन वर, पिवळा, सोनेरी, मागं लांब धुरकट रेघ ठेवत; आणि उंचावर जाऊन एखादा तारा तुटावा तसा विरून गेला. खाली निखारा पडला नाही, राखही नाही. माणसं मान वर करून तशीच बसली. मग लमाण बायकांनी एकदम गिल्ला केला, आणि चंदा मुंडावळ्या सावरत हसायला लागली.

अमीरबी वळली. सासू खाटेवर ताठ बसली होती. डोळ्यांना धूर लागला असावा. पदरानं पुसत होती.

"सैल भरलास," जाहेदाबी म्हणाली.

"व्हय अम्मा," अमीरबी म्हणाली. "त्याच्यावानीच."

"हूं." म्हातारीनं खाटेवर थोडं सरकून सुनेला जागा करून दिली. "आता दुसरा पेटव. आन जरा ठासून भरलेला असू दे, मला ऐकू कमी येतं."